निळसर टोपली

अक्का, बादलीतलं पाणी निळं झालं. तुम्ही म्हणाला होतात तसंच. आधी कागदाच्या कडांपाशी फिकट रेघा सुटल्या, मग सगळं पाणी गढूळलं, आणि हात घातला तेव्हा नखांच्या आत शाई गेली. ती अजून गेलेली नाही. हे काम तुम्ही मला उन्हाळ्यात सांगितलं होतं. मी ते तुम्ही गेल्यावर केलं. म्हणजे उशिरा केलं, आणि त्या उशिरात जे व्हायला नको होतं ते होऊन बसलं.

स्मृतिअंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘अक्कांच्या आठवणी’ मागितल्या आहेत. तुमचं बालपण, शाळेतली नोकरी, पुस्तकं, सत्कार हे बाकीचे लिहितील. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मी मुळात बोलणारा माणूस नाही, हे तुम्हीच चारचौघांत सांगायचात. धुळ्याच्या वाचनालयात जुन्या कागदांच्या खोलीत बसणारा माणूस. कागदांशी बोलतो आणि माणसांशी खोकतो, असं म्हणायचात. तसा मी आयुष्यात एकदाच मोठ्यानं बोललो. तुमच्या शोकसभेत. आणि तेच मला इथे लिहायचं आहे.

पिंप्राळ्याच्या तुमच्या घराची गच्ची मला आधी आठवते. मी पहिल्यांदा आलो तो तुमची हस्तलिखितं वाचनालयासाठी मागायला. खाली कोणी दार उघडेना म्हणून जिन्यानं वर आलो, तर तुम्ही पालथ्या पातेल्यावर ओला लगदा थापत बसला होतात. कोपरापर्यंत हात भरलेले. शेजारी ज्वारीचे बिबडे वाळत घातलेले आणि त्यांच्या बाजूला टोपल्या. कागदाच्या लगद्याच्या टोपल्या आमच्याकडे घरोघरी करतात, त्यात नवल नव्हतं. पण तुमच्या टोपल्यांचा रंग निळसर होता.

“रंग घालता का यात?” मी विचारलं.

“रंग कसाले? शाई शे ती. मनीच शाई.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तुम्ही तुमचे पहिले खर्डे भिजवत होतात. गोष्ट पहिल्यांदा उतरवायची ती खऱ्या नावांनी, खऱ्या गावासकट, जशी त्या बाईनं सांगितली तशी. खरं नाव लिहिल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही, म्हणायचात. मग दुसरा खर्डा, त्यात नाव, गाव, नातं, कधी कधी अख्खा शेवटच बदललेला. तो छापायला जायचा. आणि उन्हाळा आला, बिबडे-पापडांची धांदल सुरू झाली, की पहिला खर्डा फाडून बादलीत, वर वाटलेली मेथी, आणि पातेल्यावर थापून टोपली.

मी तिथेच गच्चीत तुमच्याशी भांडलो. लेखकाचा पहिला खर्डा म्हणजे काय असतो, अभ्यासकांना त्याचं काय मोल, वगैरे. तुम्ही ऐकून घेतलंत. हात धुतलेत आणि म्हणालात, “कागदवाल्या, तुला कागद पाहिजे तर दुसरा घे. पहिला माझा नाहीच. ज्या बाईची गोष्ट, तिच्या घरी जाते टोपली.”

मी त्याची चेष्टा केली होती. ‘लेखकाची प्रत’ म्हणायचो मी त्या टोपल्यांना. मला वाटायचं, भेट देता तुम्ही. आभार म्हणून.

एक टोपली आमच्या घरीही आहे. बायको त्यात लसूण ठेवते. ती मात्र राखाडी आहे, वर्तमानपत्राची. मी एकदा तक्रार केली, की आम्हाला निळी का नाही. तुम्ही हसून म्हणालात, “तू काही सांगितलंस का मला कधी? सांगशील तेव्हा देईन निळी.” वीसेक वर्षांच्या ओळखीत मी तुम्हाला स्वतःचं काहीच सांगितलं नाही. हे आता लिहिताना लक्षात येतं आहे.

आपलं खरं भांडण मात्र गेल्या दिवाळीत छापून आलेल्या त्या पुराच्या गोष्टीवरून झालं. श्रावणात कानबाई देवीच्या मिरवणुकीच्या दिवशी गावातली एक मुलगी नदीकाठी चपला काढून ठेवते आणि पुरात जाते, ती गोष्ट. आपल्या मनानं लग्न करायला निघालेली मुलगी, घरातल्यांनी कोंडलेली, आणि तिच्या बाजूला अख्ख्या गावात एक माणूस नाही. वाचून मी चिडलो होतो. तुमच्या बायका अशा मरत नाहीत, मी म्हणालो, सिनेमातल्या मरतात.

“मरतस रे बाबा. नदी काय तुला विचारून भरते?”

“पण अक्का, हा शेवट तुमचा वाटत नाही.”

“मग कोणाचा शे?”

मी तेवढ्यावर थांबलो नाही. मी त्यावर लेख लिहिला. एका चांगल्या गोष्टीचा शेवट लेखिकेनं भडक करून टाकला, मुलीच्या बाजूला एकही माणूस नसणं पटत नाही, असं सगळं. अंक हातात पडल्यावर तुमचा फोन आला. मी कानाला लावायला घाबरत होतो. तुम्ही शांतपणे म्हणालात, “चांगलं लिहिलंस. अक्कानं पोरगी उगाच मारली, हे असंच सगळ्यांना सांगत जा. सभा-बिभा असेल तिथे पण सांग.” मला तो टोमणा वाटला. मी रागावून कितीतरी दिवस पिंप्राळ्याला आलो नाही. तो टोमणा नव्हता, अक्का. तुम्ही मला काम सांगत होतात.

या उन्हाळ्यात तुमचे हात चालेनासे झाले. बोटं सुजून केळ्यासारखी झाली होती, पेन धरवत नव्हतं, लगदा थापणं तर दूरच. मी आलो तेव्हा तुम्ही पलंगाखालून जुन्या लुगड्यात बांधलेलं एक गाठोडं ओढायला लावलंत.

“एवढंच राहिलंय. भिजव.”

“हो अक्का.”

“हो म्हणू नको. भिजव. मेथी आदल्या दिवशी भिजत घालायची, नाहीतर लगदा धरत नाही.”

“हो अक्का.”

मी ते गाठोडं मांडीवर घेऊन बसनं धुळ्याला आणलं. पारोळ्यापर्यंत मी ठरवत होतो की भिजवायचं. धुळे आलं तेव्हा मी त्याला कोणत्या पेटीत ठेवायचं याचा विचार करत होतो. मी सगळं वाचलं. प्रत्येक कागद दोनदा वाचला. मग पुठ्ठ्याच्या पेटीत घालून वर चिठ्ठी लावली: ‘पहिला खर्डा, अप्रकाशित.’ तुम्ही फोनवर विचारलंत, “झालं का?” मी म्हणालो, “झालं.” तुम्ही म्हणालात, “टोपली कशी झाली?” मी म्हणालो, “वाकडी.” तुम्ही खूप हसलात. ते तुमचं शेवटचं हसणं मी ऐकलं, आणि ते खोट्यावर हसलेलं होतं.

त्या पेटीत फक्त पुराच्या गोष्टीचा पहिला खर्डा होता. त्यात मुलगी मरत नाही.

शोकसभेला गर्दी होती. माझ्या आधी बोलणारे ‘खान्देशची लेक’, ‘मातीचा गंध’ असं बोलत होते आणि मला आत कुठेतरी संताप येत होता, की यांच्यातल्या एकानं तरी तुम्हाला वाचलंय का. मग माझं नाव पुकारलं. मी उठलो आणि सांगितलं, की अक्कांच्या त्या गाजलेल्या गोष्टीचा मूळ शेवट वेगळा होता. मूळ खर्ड्यात मुलगी एकटी नाही. तिची आत्या तिला आपलं लुगडं नेसवते, डोक्यावरून पदर ओढून देते, आणि सगळं गाव मिरवणुकीत असताना हायवेवर नेऊन बसमध्ये बसवते. चपला नदीकाठी आत्याच ठेवून येते. मुलगी जगते, मी म्हणालो. अक्कांच्या बायका मरत नाहीत.

केवढ्या टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यात मला तेवढ्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या.

मला माहीत नव्हतं, असं इथे लिहायचा मोह होतो. माहीत होतं. पहिला खर्डा खरा असतो हे तुमच्या तोंडून ऐकलेला मी माणूस. पण मी नावं घेतली नाहीत, गाव घेतलं नाही, ती कुठे उतरली हे बोललो नाही, तेव्हा झालं, असं मला वाटलं. नाव झाकलं की माणूस झाकला जातो, हा आम्हा कागदवाल्यांचा समज. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मुलगी आठवत नव्हतीच. मी बरोबर होतो, शेवटाबद्दल मीच बरोबर होतो, एवढंच मला ऐकवायचं होतं. तुम्ही उत्तर द्यायला नव्हतात तेव्हा.

सभा संपल्यावर एक गृहस्थ भेटायला आला. माझ्याच वयाचा असेल. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध, बोलणं अगदी मऊ.

“सर, भाषण भारी झालं तुमचं. आमच्या बहिणीला फार आवडायच्या अक्का.”

“वा. त्या आल्या नाहीत?”

“ती पुरात गेली ना, सर.” तो हसला. “कानबाईच्या दिवशी.”

माझ्या हातातला चहाचा कप मी खाली ठेवला, एवढं आठवतं.

पुढच्या सोमवारी तो वाचनालयात आला. ठिबकच्या नळ्यांची एजन्सी आहे त्याची, आमच्याकडचे बरेच शेतकरी त्याला ओळखतात. म्हणाला, “ते मूळ कागद बघायला मिळतील का, सर? साहित्याची आवड शे.” मी म्हणालो, यादी व्हायची आहे. तो म्हणाला, होऊ द्या. आणि समोरच्या बाकावर वर्तमानपत्र उघडून बसला. दुसऱ्या दिवशीही आला. काही विचारायचा नाही. पान उलटायचा नाही. मी पेटीच्या कपाटाकडे गेलो की मान वर करायचा, परत आलो की खाली घालायचा. शिपाई मला म्हणाला, “काय सज्जन वाचक आहे साहेब, एक आवाज नाही.” आठवडाभरात त्यानं विश्वस्तांकडे रीतसर अर्ज केला. मागणाऱ्या कोणालाही मूळ कागद दाखवावेत हा आमचा नियम आहे. तो नियम कोणे एके काळी मीच भांडून करून घेतला होता. अर्ज मंजूर होऊन माझ्या टेबलावर आला.

त्याच दिवशी अर्धी रजा टाकून मी आत्याच्या गावी गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. सोनगीरचा किल्ला तिथून दिसतो, एवढं पुरे. नाव-पत्ता तुमच्या खर्ड्यात होताच. म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी वाचनालयातून आलो असं सांगितल्याबरोबर तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

“तूच का तो, भाषन करनारा?”

मी मान खाली घातली. म्हणालो, सावध करायला आलोय, तुमचा भाचा कागद मागतोय.

“माले काय सावध करस? तो येस ना आते रोज. इतला वरीस मना दारम्हा पाय ठेवा नई त्यानी. आते सांगस, आत्या, तू मनी मायच शे.” तिनं मान वर करून घराच्या छपराकडे दाखवलं. पत्रे नवे होते, उन्हात डोळे दिपत होते. “पत्रा बदली दिन्हा. औषध लई येस. चहा पेस आन बठी ऱ्हास. काही इचारत नई. नुसता बठी ऱ्हास.”

मी विचारलं, मुलीला कळवलंत का?

“तुले सांगीसन काय करू? तू भाषन करशी.”

मी उठलो. तेव्हा तिनं मागून विचारलं, अगदी सहज, बाजारातून काही आणायला सांगितलेलं असावं तसं:

“आन मनी टोपली कोठे शे?”

“कसली टोपली?”

“अक्कानी सांगं व्हतं. टोपली ऊनी का समज, कागद गया. तोपावत झोपू नको म्हने.” शेंगा फोडता फोडता ती थांबली. “मी अजून वाटच देखी ऱ्हायनू.”

अक्का, तुम्ही मला हे का नाही सांगितलं? कधी कधी मी तुमच्यावरच चिडतो. निळी टोपली ही भेट नाही, पावती आहे, ती हातात आली की त्या बाईनं समजायचं की आपलं नाव आता कोणाच्याही हाती लागणार नाही, हे एकदा तरी तोंडानं सांगायचं होतंत. मग वाटतं, तुम्ही सांगितलंच होतं. ज्या बाईची गोष्ट तिच्या घरी, असं स्वच्छ मराठीत. मी त्यावर विनोद केला होता.

त्या रविवारी मी पेटी घरी आणली आणि त्याच्या अर्जावर ‘कागद हरवले’ असा शेरा मारला. विश्वस्तांनी हे वाचून माझ्यावर काय करायची ती कारवाई करावी. मी नाकारणार नाही. कागद जपण्याचा पगार घेतलेल्या माणसानं स्वतःच्या हातानं कागद फाडले. बायको न्हाणीघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“मेथी घातलीत?”

“पाकीटभर घातली.”

“भिजवली होती काल?”

भिजवली नव्हती. तिनं कपाळाला हात लावला, आणि मग पदर खोचून खाली बसली. यात काय आहे, असं तिनं विचारलं नाही. पाणी बदलायला मात्र दरवेळी तीच उठायची, आणि निळं पाणी मोरीत न ओतता कुंड्यांना घालायची. का, ते मी विचारलं नाही.

टोपली खरंच वाकडी झाली. निदान तेवढं तरी मी तुमच्याशी खरं बोललो होतो असं आता म्हणता येईल. वाळल्यावर मी ती घेऊन आत्याकडे गेलो. तिनं ती दोन्ही हातांत फिरवली, काठावर अंगठा दाबून पाहिला, नाकाशी नेली.

“मेथी कमी पडनी,” म्हणाली. मग बराच वेळ ती तशीच मांडीवर घेऊन बसली.

बाहेर गाडी थांबली. तो आला. मला बघून त्याला काही वाटल्याचं दिसलं नाही. वाकून आत्याच्या पाया पडला, माझ्या शेजारी खाटेवर बसला. आत्या आत गेली आणि भाजलेल्या शेंगा घेऊन आली. त्या टोपलीत. तिनं ती टोपली त्याच्या पुढ्यात ठेवली.

तो शेंगा खाऊ लागला. मी त्याच्या बोटांकडे पाहत होतो. एकेक शेंग उचलताना ती बोटं त्या निळसर तळाला लागत होती. जे शोधत तो माझ्या समोरच्या बाकावर बसायचा ते सगळं, तिचं नवं नाव, तिचं गाव, तिची गल्ली, त्याच्या बोटांखाली होतं.

“सर, कागद हरवले म्हणे?” त्यानं विचारलं.

“हो.”

“हरकत नाही.” त्यानं शेंग फोडली. “तुम्ही वाचलेत ना.”

आत्या परत आत चुलीपाशी जाऊन बसली होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही, पण तिच्या हातातली फुंकणी थांबली. आणि मी, अक्का, पहिल्यांदा तुमचं काम केलं.

“वाचलेत,” मी म्हणालो. “पोरगी पुरातच जाते. दुसरा शेवट नव्हताच.”

“मग सभेत?”

“सभेत मी टाळ्यांसाठी बोललो.”

त्याला त्यातलं अर्धं खरं आहे हे कळलं असावं, कुठलं अर्धं ते कळत नसावं. मग हात झटकून उठला. “बरं,” म्हणाला. “मी येत जाईन, सर. घर माहीत आहे मला तुमचं.” जाताना दोन शेंगा खिशात टाकल्या. आत्याला म्हणाला, “टोपली चांगली शे. कोणी दिन्ही?”

“मनीच शे,” आत्या म्हणाली.

या अंकाला त्यानं जाहिरात दिली आहे असं संपादकांकडून कळलं. म्हणजे अंक त्याच्या घरी जाईल आणि तो हे वाचेल. वाचू दे. गप्प राहून तुम्ही तिला वाचवलंत. ते मी मोडलं, आता परत जोडता येणार नाही. आता एवढंच करता येतं, की कोणीतरी कोणाच्या तरी ओट्यावर रोज येऊन बसतो आहे, हे चार माणसांना ठाऊक असावं. हे लिहू का, असं मी आत्याला विचारलं होतं. ती म्हणाली, “लिख. पन अक्कागत लिख.”

तसंच लिहिलंय. याचा पहिला खर्डा मी शाईच्या पेननं, खऱ्या नावांनी लिहिला, जे जसं झालं तसं. हा दुसरा. यात गावं हललीत, नाती हललीत, आणखीही काही हललंय. काय, ते सांगणार नाही. पहिला आता बादलीत आहे. मेथी काल रात्रीच भिजत घातली होती.

मघाशी बायकोनं त्यात हात घालून पाहिलं आणि पहिल्यांदाच विचारलं, “यात कोणाची गोष्ट आहे?”

“पुरात गेली तिची,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि पाणी बदलायला उठली. पातेलं पालथं घालून ठेवलंय, अक्का. ही निळी टोपली आमच्याच घरी राहील. गल्लीच्या तोंडाशी त्याची गाडी सकाळपासून उभी आहे.